मी निरोप द्यायला आले नव्हते

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या पायांत कापडी बूट होते, आणि दोन्ही बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतलेले.

जून होता. आमच्या पार उत्तर टोकाच्या गावात बर्फ तेव्हा कुठे वितळतो, आणि विमानाच्या धावपट्टीच्या कडेला नुसता राडा झाला होता. मी आमची मोटारसायकलसारखी उघडी चारचाकी गाडी घेऊन दुकानाचा माल न्यायला गेले होते. माझी मोठी बहीण जुकीपा गावातल्या दुकानात गल्ल्यावर बसते, आणि त्या दिवशी अंडी येणार होती. विमानातून उतरलेली माणसं आपापल्या लोकांच्या गळ्यात पडून निघून गेली. हा एकटा उरला. याची बॅग, बूट, कोट, सगळं भलत्याच गावात उतरलं होतं, हे मला नंतर कळलं.

"गावाचा रस्ता हाच ना?" त्याने विचारलं.

मी भुवया उडवल्या.

तो वाट बघत राहिला. मग जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, त्याने तेच विचारलं. मी पुन्हा भुवया उडवल्या... जरा जास्तच वर.

"लांब आहे का?"

मी नाक मुरडलं. त्याने दचकून स्वतःच्या जाकिटाचा वास घेतला.

मग मात्र मला हसू आवरेना. सांगावंच लागलं बिचाऱ्याला, की भुवया वर गेल्या म्हणजे हो आणि नाक मुरडलं म्हणजे नाही; जाकिटाला काही झालेलं नाही. त्याचे कान लालभडक झाले. इतका मोठा माणूस कानांनी लाजतो हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मी त्याला मागे बसवलं, अंड्यांचे ट्रे त्याच्या मांडीवर दिले आणि बजावलं, की एक जरी फुटलं तर ताई आपल्या दोघांनाही तळून काढील. वाटेत वारा सुटला आणि त्याची टोपी उडाली. मी गाडी थांबवेपर्यंत ती समुद्रावरच्या बर्फात कुठेतरी गेलीसुद्धा. त्याने ती धरायला हातच उचलला नव्हता. दोन्ही हात अंड्यांवर.

दुकानात ताईने एकेक अंडं उलटसुलट करून पाहिलं. मग त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि आमच्या भाषेत मला म्हणाली, "टोपी गेली. आता डोकंही जाणार याचं."

त्याचं नाव बाझिल. मॉन्ट्रियलला शिकायचा, पण मूळचा गास्पेच्या किनाऱ्यावरचा, मासेमारांच्या घरातला. आणि मी लीटिया. मी इकालुइतच्या, म्हणजे आमच्या भागातल्या मोठ्या शहरातल्या, कॉलेजात शिकत होते आणि उन्हाळ्याची सुट्टी म्हणून घरी आले होते. सुट्टीत मला काम मिळालं होतं: दक्षिणेतून येणाऱ्या एका प्राध्यापकबाईंच्या तुकडीत, नदीवर माशांच्या अभ्यासाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुकडीच्या पहिल्या बैठकीला गेले, तर कोपऱ्यात हा बसलेला. पायांत माझ्या पॉलुसीमामाचे जुने रबरी बूट, त्याला दोन मापं मोठे.

आमचा तळ नदीच्या मुखाशी होता. गावापासून गाडीने गेलं तर अर्धी सकाळ वाटेतच जायची. तिथे पांढऱ्या कापडाचे तंबू, एक स्टोव्ह, आणि पाण्यात आडवं लावलेलं जाळीचं कुंपण. आमचा मासा, इकालुक, उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळ्यातून समुद्रात उतरतो आणि ऑगस्टमध्ये लालबुंद पोट घेऊन परत चढतो. आम्ही त्याला अडवायचो, मापायचो, पाठीत एक बारीकसा बिल्ला टोचायचो आणि सोडून द्यायचो. प्राध्यापकबाईंचं नाव मार्गो. त्या फार चांगल्या होत्या, पण एकदा मासे हातात आले की त्यांना माणसं दिसायची नाहीत. मामा होता अस्वलांवर नजर ठेवायला. तो टेकाडावर बंदूक मांडीवर घेऊन बसायचा, आणि दुर्बीण सतत डोळ्याला.

दुर्बीण अस्वलांसाठी होती. तरी एकदा मी खालून ओरडून विचारलं, अस्वल दिसतंय का. मामा शांतपणे म्हणाला, "दोन दिसतायत. नदीत उभी आहेत, काम सोडून हसतायत."

काय सांगू... कमरेइतक्या पाण्यात उभं राहून प्रेमात पडणं काही सोपं नाही. पाणी इतकं थंड की बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, कळत नाही. नाकातून पाणी गळत असतं. अंगाला माशांचा वास. डास डोळ्यांत शिरतात. पण बाझिल मासा दोन्ही हातांत असा धरायचा, पोटाखाली तळवा देऊन, की मासा धडपडणं थांबवायचा. मी बिल्ला टोचेपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून असायचो. मासा सुटून शेपटीचा फटका मारून गेला की मग दोघं एकदम श्वास सोडायचो — आणि एकमेकांकडे बघायचो. एवढंच. दिवसातून कितीतरी वेळा, एवढंच.

दुपारी स्टोव्हवर बॅनक, म्हणजे आमची जाड भाकरी, भाजायची पाळी आमच्या दोघांचीच यायची. ती कशी यायची, हे मार्गोंना कधी कळलं नाही. मामाला कळायचं, तो आपली पाळी मुकाट्याने आम्हाला देऊन टाकायचा. बाझिल पीठ मळायचा, मी तवा बघायचे. बाहेर धुकं इतकं दाट, की तंबूच्या दारापलीकडे जग उरलंय की नाही असं वाटावं.

एकदा पिठात हात असतानाच त्याने विचारलं, "लीटिया, एक विचारू? तुला मी आवडतो का?"

मी पटकन पाठ फिरवली.

"इकडे तोंड कर की," तो म्हणाला. "मला तुझ्या भुवया दिसत नाहीयेत."

"म्हणूनच तर फिरवलंय."

बॅनक करपली. मामाने करपलेला तुकडा उलटापालटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि लोणी लावून खाल्ला.

मधूनमधून आम्ही गावात यायचो, पेट्रोल भरायला आणि अंघोळीला. घरी आले की ताई विचारायची, "बिनटोपीवाला कसा आहे?" हसत विचारायची, पण डोळे हसायचे नाहीत. ताईचंही कुणीतरी होतं एकदा. हवामानाच्या तळावर काम करणारा एक मुलगा, एका उन्हाळ्यापुरता आलेला. जाताना त्याने काय काय कबूल केलं होतं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण ताईनेच आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगितलं होतं. मग नाताळपर्यंत फोन आले. मग नाही आले. ताई गल्ल्यावर बसून सगळ्यांना तोंड देत राहिली. कुणी काही विचारायच्या आधी स्वतःच टिंगल करायची, म्हणजे दुसऱ्याने करायला नको.

आई गावातल्या पाहुण्यांच्या घरात स्वयंपाक करते. दक्षिणेतून आलेले सगळे तिथेच उतरतात. कित्येक वर्षं तिने त्यांना जेवू घातलंय आणि ऑगस्ट संपला की त्यांच्या खोल्यांतल्या चादरी काढून धुतल्यात. ती मला एकदाच बोलली. म्हणाली, त्याला जेवायला घाल, चहा दे, बाकी काही देऊ नकोस. मी म्हटलं, बरं. आईने माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. लहानपणापासून मी "बरं" म्हणते ते ऐकायचं नसतं तेव्हाच, हे तिला माहीत आहे.

कारण मला नाही पटत. हंगाम मासेमारीला असतो, शिकारीला असतो. माणसालाही हंगाम असतो आणि तो संपला की माणूस संपला, हे कुणी ठरवलं? एखादीचं वाईट झालं म्हणून बाकीच्यांनी आधीच रडायला बसायचं का?

पण ऑगस्टमध्ये घाव आला, आणि तो भलत्याच बाजूने आला.

मी पीठ आणायला दुकानात गेले होते. ताईने पिशवी पुढे सरकवली आणि सहज विचारलं, मॉन्ट्रियलला कधी निघतेस. मला वाटलं, नेहमीची थट्टा. थट्टा नव्हती. बाझिलने मार्गोंशी बोलून माझ्यासाठी त्यांच्या विद्यापीठात जागेची व्यवस्था केली होती. मार्गो आनंदाने कामाला लागल्या होत्या. मग तो आमच्या घरी गेला होता, आईला भेटायला, एक मोठा मासा घेऊन. आईला त्याने सगळं सांगितलं: राहायला कुठे, शिक्षण कसं. आईने त्याला चहा दिला होता आणि काहीच बोलली नव्हती. मामालाही विचारून झालं होतं. राहिलं होतं कोण, तर मी.

मी पीठ तिथेच टाकून नदीवर गेले. तो काठावर जाळं दुरुस्त करत होता. मला बघून हसला... आणि माझा चेहरा दिसताच हसायचा थांबला.

"सगळ्या गावाला विचारलंस," मी म्हटलं. "दुकानातल्या गल्ल्याला विचारलंस. मला विचारायला काय झालं होतं?"

तो म्हणाला, तुला आनंद होईल असं वाटलं होतं.

"मला उचलून नेणार होतास? त्या अंड्यांसारखं, मांडीवर ठेवून?"

"लीटिया, मी फक्त..."

"तुझ्यामागे जाणारी मुलगी हवी असेल तर दुसरी बघ. मी कुणाच्या सामानातून जात नाही."

त्यानंतरचे दिवस कसे गेले, विचारू नका. मासे मात्र त्याच दिवसांत लोंढ्याने चढायला लागले. हातांना उसंत नव्हती. तो मासा धरायचा, मी बिल्ला टोचायचे, मासा सुटायचा. पण श्वास आता आम्ही आपापले सोडत होतो. मामाने दुर्बीण खरोखरच अस्वलांकडे वळवली.

मी मात्र एक केलं. मार्गोंना गाठून सांगितलं, की विद्यापीठातली जागा मला नको. तुम्ही ऑगस्टअखेर निघता, पण मासे नदी गोठेपर्यंत चढतात. त्यामुळे दरवर्षी तुमचा अभ्यास अर्धवट राहतो. मला आणि मामाला जाळं ठेवा, बिल्ले ठेवा, पुढचं काम आम्ही करतो. कॉलेजला मी आधीच विचारलं होतं. उशिरा आलीस तरी चालेल म्हणाले होते. मार्गोंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, हे मी तुला आधीच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं.

तळ गुंडाळला. निघायचा दिवस आला. आमच्याकडे विमान सोडायला अर्धं गाव येतं. दुसरं काय बघायचं असतं? आई आली होती, पाहुण्यांचे डबे घेऊन. ताई दुकान बंद करून आली होती. सगळ्यांना बघायचं होतं, लीटिया रडते की नाही. मी मार्गोंशी हात मिळवला, मग बाझिलशी मिळवला. अगदी तसाच, कोरडा. त्याचा हात गरम होता. मी माझा आधी सोडवून घेतला.

विमानाचा आवाज आला. धुक्यावर घुर्रघुर्र करत ते फिरलं, पुन्हा फिरलं... आणि आवाज दक्षिणेकडे विरून गेला. वैमानिकाला खाली जमीनच दिसली नव्हती. एकेक जण हसायला लागला. एवढा निरोप देऊन झाला होता, आता त्याच माणसांना जेवायला घालायचं होतं. सामान पुन्हा गाड्यांवर चढलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

त्या दुपारी मी किनाऱ्यावर जाळ्याची भोकं सांधत बसले होते. तो आला. आपण होऊन बसला नाही, उभाच राहिला. मी नजरेनेच बसायला सांगितलं, तेव्हा कुठे बसला. बराच वेळ नुसती सुतळी गुंडाळत राहिला.

"मला भीती वाटत होती," शेवटी तो म्हणाला. "तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून बाकी सगळ्यांचं हो मिळवलं. नाही म्हणायला तुला जागाच राहू नये म्हणून." जरा थांबला. "असं शब्दांत मांडलं की किती वाईट दिसतं ते."

"दिसतं खरं," मी म्हटलं.

तो आणखी काही सारवासारव करील असं मला वाटलं होतं. त्याने केली नाही. एवढ्यावरच थांबला. आणि माझा राग... तो कुठून निसटला कोण जाणे. मीच म्हटलं, "आता विचार."

"माझ्याबरोबर येशील?"

"नाही." मी मान वर करून, तोंडाने म्हटलं. "मला माझं शिक्षण इकालुइतलाच पुरं करायचंय. आणि नंतर ही नदी मला हवीय. दरवर्षी कुणीतरी येऊन मला कामावर ठेवील, तशी नाही. माझी."

त्याने मान हलवली. चेहरा उतरला होता, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

"दुसरा प्रश्न विचार," मी म्हटलं.

"दुसरा कुठला?"

"तो तुझा तू शोध."

त्याने समुद्राकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं. मग फार हळू म्हणाला, "मी येऊ?"

माझ्या हातातली गाठ चुकली.

"उन्हाळ्यात येऊ नकोस," मी म्हटलं. "उन्हाळ्यात सगळेच येतात. नाताळात मी घरी असते. तेव्हा इथे सूर्य उगवत नाही. मासे नसतील, मार्गो नसतील, पगार नसेल. बघायला काही नसेल. तेव्हा ये — यायचं असेल तर."

"येईन असं कबूल..."

"कबूल करू नकोस. आमच्या घरात कबुल्या फार झाल्या."

त्याने सुतळी खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं. पुढचं काही बोलत नाही. आताचं सांगू? माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे आताचं आहे, याला काही कबूल करावं लागत नाही."

  मी जाळ्याचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि आम्ही दोघं अंधारून येईपर्यंत भोकं सांधत बसलो.

पुढच्या सकाळी आकाश असं लख्ख, की पलीकडच्या बेटावरचे दगड मोजता यावेत. विमान सरळ आलं, सरळ उतरलं. अर्धं गाव पुन्हा हजर. पण आता हसणं नव्हतं. सगळे जरा बाजूला सरकून उभे होते, दुखवट्याच्या घरी उभे राहतात तसे. त्यांनी मनातल्या मनात मला ताईच्या शेजारी नेऊन बसवलंच होतं. कुणी माझ्याकडे बघून चुकचुकलं. कुणाची तरी बायको ताईच्या कानाशी लागली. ताईचं तोंड एवढंसं झालं, आणि ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाझिल माझ्यापुढे येऊन उभा राहिला. हात मिळवावा की नाही, त्याला कळत नव्हतं. "मग... निरोप द्यायला आलीस," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "मी निरोप द्यायला आले नाही."

मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याच्या गालावर नाक टेकवलं आणि डोळे मिटून त्याचा श्वास, त्याचा वास, खोल आत ओढून घेतला. आमच्याकडे घरातली माणसं घरातल्या माणसाला जवळ घेतात तसा. एकदा. मग दुसऱ्या गालावर. घाई केली नाही. सगळं गाव बघत होतं, विमानाच्या शिडीवर मार्गो बघत होत्या, आई बघत होती.

मग मी वळले आणि आधी आमच्या भाषेत, मग त्याला कळावं म्हणून त्याच्या भाषेत सांगितलं, "हा माझा आहे. जातोय, तरी माझा आहे. परत येईल की नाही, मला माहीत नाही. नाही आला तरी मी तोंड लपवून बसणार नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नाताळानंतर माझ्या दारात हसायला यायचं नाही."

 बाझिलचे कान पेटले होते, पण तो लाजून खाली बघत नव्हता. तो गावाकडे तोंड करून माझ्या शेजारी उभा राहिला, ताठ.

आई पुढे आली. मला वाटलं, आता आलं आपल्या अंगावर. पण ती माझ्याकडे वळलीच नाही. ती लोकांना म्हणाली, "बघताय काय? त्या बाईंचं सामान कोण चढवणार?"

आणि सगळे धावले.

विमान उडालं. ते ठिपका होईपर्यंत मी बघत उभी राहिले नाही. मला नदीवर जायचं होतं. त्यांचा हंगाम संपला होता, माझा नव्हता. मामा आधीच पुढे गेला होता. मी गाडी सुरू केली, तर मागे कुणीतरी चढून बसलं. ताई.

"दुकान?" मी विचारलं.

"राहू दे बंद." तिने माझ्या कमरेभोवती हात घातले. थोडं पुढे गेल्यावर पाठीमागून विचारलं, "रडणार आहेस का?"

"वाटेत रडेन. वाऱ्यात कुणाला ऐकू जात नाही."

"मग मीही रडते," ताई म्हणाली. "माझं जुनं राहिलंय."

रडलो दोघी. पार नदीपर्यंत. मग रबरी बूट चढवले आणि पाण्यात उतरलो. ताईला मासा धरता येत नव्हता. पहिल्याच माशाने तिच्या तोंडावर शेपटी मारली. ती इतकी हसली की मामाने टेकाडावरून बंदूक सावरत उठून पाहिलं.

तो आला का, हे सगळे विचारतात. आला. नाताळ उलटल्यावर, भर दुपारच्या काळोखात, नाकाचा शेंडा पांढराफटक पडलेला. विमानतळावर त्याला न्यायला कोण कोण आलं होतं आणि आईने त्याला काय ऐकवलं, ते सांगायला बसले तर दुसरी गोष्ट होईल. गावातल्या पोरी ती गोष्ट मागतात. मी त्यांना ही सांगते. कारण त्या सकाळी धावपट्टीवर उभी राहून मी त्याला माझा म्हटलं, तेव्हा तो परत येईल हे मला माहीत नव्हतं.

माहीत असतं, तर ते कुणीही म्हटलं असतं.